कोरा माणूस

मावशींची दाढ ठणकत होती, एवढ्यावरून सगळं सुरू झालं. मावशी म्हणजे आईला सांभाळायला दिवसभर घरी असणाऱ्या बाई. आठवडाभर त्यांनी लवंग धरून दिवस काढले, पण त्या सकाळी गाल टम्म फुगला आणि त्या दारातूनच म्हणाल्या, "ताई, आजचा दिवस आईंना तुमच्याबरोबर न्या. दाढ उपटून घेते आणि दुपारपर्यंत परत येते." नाही म्हणायला जागाच नव्हती. ताईनं आईची वेणी घातली, पिशवीत पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जादा जोड टाकला आणि आईचा हात धरून ऑफिस गाठलं.

ताई व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहायची. गोष्टी लिहिणारे कंपनीत आणखीही होते, पण ताईकडे खास काम होतं कलाटणीचं. खेळणाऱ्यानं ज्याला वीस तास जिवाभावाचा मित्र म्हणून सांभाळलं, त्यानंच शेवटी त्याच्या पाठीत सुरा खुपसायचा, किंवा ज्या मुलीला सोडवायला डोंगर पालथे घातले तीच त्याला पिंजऱ्यात कोंडणारी निघायची, असल्या जागा तिच्या. ऑफिसात तिला कलाटणीबाई म्हणत. तिला ते आवडायचं. माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढायची आणि तो पडताना त्याचं तोंड बघायचं, यासारखं सुख नाही असं ती चारचौघांत हसत सांगायची आणि लोकही हसायचे.

पण कलाटणी बसली की फसली हे कागदावर कळत नाही. त्याला माणूस लागतो आणि तोही कोरा. कोरा म्हणजे ज्याला गोष्टीतलं काही म्हणजे काही ठाऊक नाही असा. त्याला एका छोट्या खोलीत पडद्यासमोर बसवायचं, बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावायचा, तोंडावर कॅमेरा रोखायचा. खोलीच्या एका भिंतीला आरसा. आरशाच्या पलीकडून मात्र आतलं सगळं दिसायचं आणि तिथे मापारी बसलेला असायचा. टक्कल पडलेला, कायम सर्दी झालेला हा गृहस्थ लोकांचं दचकणं सेकंदात मोजायचा, म्हणून त्याला मापारी. कोरा माणूस एकदाच कामाला येतो, काडेपेटीतल्या काडीसारखा. एकदा दचकला की तो वापरलेला. मापारी वहीत त्याच्या नावापुढे तसंच लिहायचा, 'वापरलेला', आणि पुढच्याला आत घ्यायचा.

त्या वर्षीचा गेम ताईचा सगळ्यात लाडका होता. खेळणारा एका घरात असतो. लांब बोळ, पाच दारं. कुठूनतरी मुलाची हाक येते, "आई, दार उघड ना, मी आलोय." एकेक दार उघडत मुलाला शोधायचं. पाचव्या दाराआड रिकामी खाट आणि उशीवर चिठ्ठी: 'आई, तो जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही तुला रोज सांगतो. तू रोज विसरतेस आणि रोज त्याला शोधायला निघतेस.' इतका वेळ आपण कोण होतो हे खेळणाऱ्याला तिथे कळतं.

ही गोष्ट सुचली कुठून, असं ताईला कुणी विचारलं नाही. बोळ तिच्याच घरातला होता. पाचवी खोली धाकट्याची, तिच्या पाठच्या भावाची. धाकटा दुसऱ्या शहरात एकटा राहायचा, दम्याचा झटका आला आणि खोलीतच गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तोपर्यंत आईचं विसरणं सुरू झालंच होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई रात्रभर रडली आणि सकाळी म्हणाली, "धाकट्याचा फोन नाही आला गं?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी ताईला बाजूला घेतलं. "आता सांगू नका. तुम्हाला ती जुनी बातमी आहे. त्यांना दर वेळी ताजी." तेव्हापासून घरात एकच उत्तर ठरलं होतं: कामाला गेलाय, येईल. आई मान डोलवायची आणि शांत व्हायची. तेवढी शांती त्या घरात उरली होती.

आणि गेममधली हाकसुद्धा धाकट्याचीच होती. एकदा दारात उभं राहून त्यानं फोनवर पाठवलेला निरोप ताईनं जपून ठेवला होता. शेवटी ऐकू येणारी दम्याची घरघर तिनं कापून टाकली आणि ऑफिसात सांगितलं, एका नटाकडून करून घेतलाय.

त्या दिवशी ऑफिसात पोचताच ताईला साहेबांनी बोलावलं, म्हणून तिनं आईला आपल्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं. वातावरण तंग होतं. कुणीतरी वापरलेल्या माणसानं बाहेर जाऊन कलाटणी फोडली होती आणि ती जगभर पसरली होती. साहेब म्हणाले, तीच चिठ्ठी ठेवून शेवट असा घडवा की माहीत असूनही माणूस हलावा, पण आता बाहेरचा एकही कोरा आत आणायचा नाही. गेम बाजारात जायला तीन आठवडे होते. ताई म्हणाली, "कोऱ्या माणसाशिवाय मी आंधळी आहे, साहेब." साहेब म्हणाले, "मग चाचपडा."

ती बाहेर आली तेव्हा आई खुर्चीत नव्हती.

आई फिरत फिरत चाचणीच्या खोलीत गेली होती. तिथली खुर्ची मऊ, हवा गार. ती बसली. आणि मापाऱ्याला बाहेरच्यांची बंदी अजून कळलेली नव्हती. त्याला वाटलं, आजचा कोरा आला. त्यानं अदबीनं तिच्या बोटाला चिमटा लावला, हातात कंट्रोलर दिला आणि आरशामागे जाऊन बसला. आईला कंट्रोलर नवा नव्हता. धाकटा शाळेत असताना तिला शेजारी बसवून खेळायचा. "तू नुसती पुढे चाल आई, बाकीचं मी बघतो," म्हणायचा. चालायचं बटण तिच्या अंगठ्याला आठवत होतं.

ताई धावत आरशामागच्या खोलीत शिरली तेव्हा आई चौथ्या दाराशी होती. पडद्यावरून हाक आली, "आई, दार उघड ना." काचेपलीकडे आईचा चेहरा उजळला. "आले रे, आले," ती म्हणाली.

बंद करायचं बटण ताईच्या हाताशी होतं. हात त्याच्यावर गेलाही. चार-पाच सेकंद होते आणि तेवढे पुरेसे होते. तिनं हात तिथेच ठेवला आणि दाबलं नाही.

पाचवं दार उघडलं. आईनं चिठ्ठी वाचली. वाचायला तिला वेळ लागला, ओठ हलत होते. मग तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. ती नुसती तशी राहिली, तोंड उघडं, चिमट्याचं बोट छातीशी धरलेलं. काचेच्या अलीकडे यंत्राचा टकटक आवाज वाढत गेला. मापारी नाक ओढायचं विसरला.

"मॅडम," तो कुजबुजला, "बारा वर्षांत असा चेहरा नाही बघितला मी."

आई अर्धा तास रडली. ताईनं तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, तोंड धुवायला नेलं. तोंड पुसता पुसता आई थांबली. आरशात बघून तिनं केस सारखे केले. "धाकटा जेवला का गं?" तिनं विचारलं.

"जेवला आई."

ताईला हायसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात, टॉवेल घडी करता करता, तो विचार आला. आई वापरलेली नव्हती. आई पुन्हा कोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती आईला परत घेऊन गेली.

तीन आठवड्यांत नऊ वेळा. दर वेळी काहीतरी बदललेलं. एकदा खाटेवर हिरवी चादर, एकदा उशाशी अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास. एकदा चिठ्ठी जमिनीवर पडलेली, एकदा खिडकी उघडी आणि पडदा हलणारा. दार उघडण्याआधीची शांतता दोन सेकंदांची चार केली, चाराची सहा. सहाला आईनं छाती गच्च धरली. ताईनं वहीत लिहिलं: सहा चांगलं, साडेपाच उत्तम. मापाऱ्याला एव्हाना कळलं होतं की या मॅडमच्या आई. तिसऱ्या दिवसापासून चिमटा लावायला तो आत जाईना. ते काम ताईच करू लागली.

घरी मावशींना ती म्हणायची, "ऑफिसात मन रमतं तिचं." मावशींची दाढ बरी झाली होती आणि नजर तर पहिल्यापासून चांगली होती.

"ताई, आई दार उघडत नाहीत," त्या एक दिवस म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कुठलंच. न्हाणीघराच्या दारापुढे उभ्या राहतात, हात पाठीमागे बांधून. मी उघडेपर्यंत. काल मी वरती कपडे वाळत घालत होते... खाली येईपर्यंत तिथेच उभ्या राहून कपडे ओले केले. थरथरत होत्या नुसत्या. तुम्ही काय दाखवता हो त्यांना तिथे?"

"तिला कुठे काय लक्षात राहतंय, मावशी?"

"डोक्यात राहत नसेल," मावशी म्हणाल्या. "अंगात राहतं."

ताईला राग आला. शरमेचा राग फार झणझणीत असतो. ती मावशींना नको ते बोलली आणि दुसऱ्या दिवशी नवव्यांदा आईला घेऊन निघाली. शेवटचं एकदा, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. ते खरंही होतं, कारण साहेबांना सोमवारी सगळं द्यायचं होतं.

भर दुपार होती. तरी त्या खोलीला दुपार नव्हती. खिडकी नाही, भिंतींना जाड काळा कापूस, दार लागलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद. गार हवेला गरम वायरींचा आणि शंभर माणसांच्या घामाचा वास यायचा. आई खुर्चीत बसली. आज तिनं चिमट्यासाठी बोट आपण होऊन पुढे केलं. ताईनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती आरशामागे जाऊन बसली.

पहिलं दार, दुसरं, तिसरं. आई हळूहळू चालत होती. चौथ्यापाशी हाक आली, "आई, दार उघड ना, मी आलोय." आणि हाकेच्या मागून, अगदी बारीक, घरघर.

ताईनं मापाऱ्याकडे बघितलं. त्यानं कानावरचे हेडफोन दाबून धरले होते.

"हे तुम्ही घातलंत आत?" त्यानं विचारलं.

"नाही. मी ते कापलं होतं."

"छान झालंय," मापारी म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "पण मॅडम... हे गेमच्या वायरीतून येत नाहीये. खोलीतल्या माइकमधून येतंय."

खोलीत आई एकटीच होती. श्वास एक आईचा होता, सावकाश. दुसरा अडखळत, शिट्टी वाजल्यासारखा, तिच्या अगदी शेजारून. पाचव्या दारापुढे आई थांबली. साडेपाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं. अंगठा बटणावर होता पण दाबत नव्हता. ती जरा बाजूला कलली, शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकायला कलावं तशी. मान डोलावली. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आरशाकडे बघितलं. आरशातून आतल्या माणसाला फक्त स्वतःचं तोंड दिसतं. आईनं मात्र सरळ ताईच्या डोळ्यांत बघितलं.

ती रडली नाही. ठोके मोजणाऱ्या यंत्रावर साठ, एकसष्ट, साठ.

घरी जाताना गाडीत आई बोटं मोजत होती. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली.

"काय मोजतेस आई?"

"किती गेले गं माझे?"

"काय किती गेले?"

"मुलगे." आई शांतपणे सांगू लागली. "एकाच्या खाटेवर हिरवी चादर होती. एकाच्या उशाशी पाणी होतं, त्यानं अर्धंच प्यायलं. एकाची खिडकी उघडी राहिली. गार वारं लागलं असेल त्याला." तिनं एकेक करून नऊ खोल्या सांगितल्या, पहिल्या दिवसाची धरून, बदल केले होते त्याच क्रमानं. एकही चुकली नाही. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नसे.

मग तिनं दहावं बोट दुमडलं.

"आणि एकाच्या खोलीत तू होतीस. अंधारात बसली होतीस, काचेसमोर. मांडीवर फोन होता. उजेड लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा. तू तो उलटा ठेवलास."

अशी खोली ताईनं बनवली नव्हती.

आता हे सांगायलाच हवं, कारण ताईनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. धाकटा गेला त्या दुपारी ती आरशामागे बसली होती. समोर एक कोरा नेमका कलाटणीच्या जागी पोचत होता आणि मांडीवरचा फोन उजळला. धाकट्याचं नाव. तिनं बघितलं. आत्ता नाही, असं मनात म्हणून तिनं फोन पालथा घातला. तो मांडीवर पुन्हा पुन्हा थरथरत राहिला. काचेपलीकडचा माणूस मस्त दचकला. मग दुसरा कोरा आला, मग तिसरा. संध्याकाळी सात वाजता शेजाऱ्यानं धाकट्याचं दार फोडलं आणि ताईला फोन केला, तेव्हा तिनं आधीच्या फोनांची यादी न बघताच पुसून टाकली. मापाऱ्यालाही ते माहीत नव्हतं, तो तेव्हा पडद्याकडे बघत होता.

गेम बाजारात गेला आणि चांगलाच गाजला. फुटलेली कलाटणीसुद्धा लोकांना चुकवता येईना. ती शांतता, ती हाक, ते दार, सगळं असं बेतलेलं होतं की माहीत असूनही काळीज हलायचं. लोक पाचवं दार उघडताना स्वतःची चित्रफीत काढून एकमेकांना दाखवू लागले. साहेबांनी ताईची पाठ थोपटली. ती घरी परतली की आई हॉलमध्ये तिची वाट बघत बसलेली असायची.

"ताई, तू फोन का नाही उचललास गं?"

दर तासाला. दर वेळी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं, कुतूहलानं, रागाचा लवलेश नाही. ताईनं खोटं सांगून बघितलं, खरं सांगून बघितलं, पाया पडून बघितलं. आई ऐकून घ्यायची, तासाभरात विसरायची आणि मान वर करून पुन्हा विचारायची. धाकटा कुठाय हे मात्र तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. प्रश्नाची सवय होईल असं ताईला वाटलं होतं. ती झाली नाही. मावशी भाजी निवडता निवडता मान खाली घालायच्या.

मग प्रश्न वाढला. "सहा वेळा वाजला ना गं?" आणि दोन दिवसांनी, "सातव्यांदा उचललास. काय म्हणाला तो?"

"मी नाही उचलला आई. एकदाही नाही."

"उचललास की. काय म्हणाला?"

ताईनं फोन कंपनीकडे अर्ज करून त्या दिवसाची जुनी नोंद मागवली. आठवड्यानं कागद आला. दुपारी दोन चाळीस ते तीन पाच, सहा वेळा, उत्तर नाही. डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूची वेळ तीन ते साडेतीनच्या दरम्यान होती. फोनच्या नोंदीत त्या सहांखाली सातवी ओळ होती. त्याच नंबरवरून, चार वाजून दहा मिनिटांनी. उत्तर दिलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

ताईनं तो कागद दोनदा घडी केला, दोनदा उलगडला. चार दहाला ती कुठे होती हे तिला ठाऊक होतं. फोन मांडीवर पालथा होता. त्या चार मिनिटांत कुणी बोललं हे तिला आठवत नव्हतं. कितीही खणलं तरी तिथे काही लागत नव्हतं.

"काय म्हणाला गं?" आईनं विचारलं.

अखेर ताईनं तेच केलं जे तिला येत होतं. रचून सांगितलं. "म्हणाला, मला बरं वाटतंय."

आईनं मान हलवली. "नाही. हे नाही म्हणाला."

"म्हणाला, आईची आठवण येते."

"नाही गं."

तासाला एक असं ती रचत गेली. म्हणाला, उजेड नाहीये. म्हणाला, दार लागलंय. म्हणाला, ताई, तुला माफ केलं. हे ऐकून आई चक्क हसली. "छे!"

काल संध्याकाळी ताई थकून जमिनीवर बसली होती, आईच्या गुडघ्याला टेकून. मावशी घरी गेल्या होत्या. प्रश्न आला आणि तिच्या तोंडून, न ठरवता, न रचता, निघून गेलं, "म्हणाला... आईला सांगू नकोस."

आईनं मान हलवली नाही.

मग तिनं ताईच्या केसांवरून हात फिरवला, हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि ते नीट दिसेल असं धरून ठेवलं.

"मग का सांगितलंस गं?" आई म्हणाली.